विकणारीची सही

नवापूरच्या किनाऱ्यावर पुरुषाने मासळी आणायची आणि बाईने ती विकायची. ही वाटणी कधी, कुणी ठरवली ते कुणालाच ठाऊक नाही, पण ती मोडलेली कुणाला खपत नाही. होडी वाळूला टेकली, पाट्या खाली उतरल्या, की पुरुषाचं काम संपलं. त्याने विडी पेटवावी, जाळं झटकावं, फार तर पाय धुवावेत. भाव बोलायला तोंड उघडायचं नाही. दामू तामोरेने ते आयुष्यात एकदाच उघडलं होतं आणि त्याला चौदा वर्षं झाली तरी गाव विसरायला तयार नव्हतं.

झालं होतं असं, की त्याची बायको हंसा बाळंतीण होती. पुष्पलता जेमतेम दोन दिवसांची. नेमकी त्याच दिवशी दामूची होडी पापलेटांनी भरून आली. वाणगावचा व्यापारी पुढे आला आणि म्हणाला, बोला, काय घेणार? दामूने भाबडेपणाने सांगून टाकलं की मला मुलगी झालीय, घरी लवकर जायचंय, तुम्हीच काय ते द्या. व्यापाऱ्याने दिलं. काय दिलं ते कळल्यावर हंसा बाजेवर उठून बसली आणि शेजारच्या गोदूबाईने कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून गावात कुणी फसला की त्याला 'दामूचा भाव मिळाला' असं म्हणायची पद्धत पडली. दामूही हसायचा. स्वभावच तसा होता बिचाऱ्याचा.

पुढच्याच वर्षी त्याच्या वडिलांची होडी तळातून कुजली, भाऊ वेगळे झाले आणि दामू तारापूरच्या एमआयडीसीत लागला. कंपनी कापडाच्या रंगाची पावडर बनवायची. पहिली पाळी करून तो घरी आला की बनियन पिवळं, कानामागे पिवळं, आंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं. पगार पाकिटातून यायचा आणि पगाराचा काही लिलाव करता येत नाही. हंसा ते पाकीट देवापुढे ठेवायची, हळद-कुंकू वाहायची आणि पाटी घेऊन किनाऱ्यावर जायची. दुसऱ्यांच्या होडीची मासळी विकत घेऊन ती बोईसरच्या बाजारात बसायची.

आता यातली खोच बाहेरच्याला कळायची नाही. ज्या बाईच्या घरची होडी असते ती लिलावाला पुढे, आपल्या पाटीजवळ बसते. ज्यांना विकत घ्यायचं त्या मागे उभ्या राहतात. हंसा तेरा वर्षं मागे उभी होती. सगळ्या किनाऱ्यावर तिच्याइतका पक्का भाव कुणाला बोलता येत नव्हता, आणि तिच्याकडे स्वतःचं म्हणून विकायला काही नव्हतं. तिने कधी तक्रार केली नाही. पण सुट्टीच्या दिवशी दामू किनाऱ्यावर जायचा आणि तिला पाठमोरी उभी बघायचा. ते त्याला लागायचं.

एक्याण्णव साली कंपनीने शेअर काढले. त्यातले काही कामगारांसाठी राखून ठेवलेले होते. एक शेअर वीस रुपयांना, पैसे पगारातून हप्त्याहप्त्याने कापणार, अट इतकीच की तीन वर्षं विकायचे नाहीत. कामगारांतले अर्धे म्हणाले, हा पगार खायचा नवा धंदा आहे. दामूने दोनशे घेतले. का घेतले म्हणून विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं, पण साहेबाने सभेत 'कंपनीत तुमचा वाटा' असा शब्द वापरला होता आणि वाटा म्हटलं की त्याला होडी आठवायची.

हंसालाही त्याने तसंच समजावलं. होडीला जसा वाटा असतो, मालकाचा, जाळ्याचा, खलाशाचा, तसा हा कंपनीत. हंसाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि एकेक विचारायला सुरुवात केली. सुकाणू धरणारा तांडेल कोण? होडी रोज जाते का? आणि आपल्या वाट्याची मासळी कुठे आहे? दामूने सांगितलं की वर्षातून एकदा कंपनी देईल तेवढंच. वर्षाने खरोखरच कंपनीचा एक चेक आला आणि सोबत गुळगुळीत कागदाचं पुस्तक, त्यात टाय लावलेल्या माणसांचे फोटो. हंसाने ते फोटो बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली की यातला एकही समुद्रावर टिकायचा नाही. मग तिने शेअरचे कागद पुस्तकात घातले आणि पुस्तक ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या लुगड्याखाली.

चौऱ्याण्णवच्या होळीला तीन वर्षं पुरी झाली. त्याच सुमारास हंसाचा भाऊ एकनाथ नवी होडी बांधायला काढून बसला होता. इंजिनची, बहात्तर हजारांची. तीन वाटे ठरले होते, चौथा शिल्लक होता. एकनाथने आधी बहिणीला विचारलं. अठरा हजार, नारळी पौर्णिमेच्या आत. नाहीतर सातपाटीचा एक जण पैसे हातात घेऊन तयार आहे, आणि मग मला थांबता येणार नाही, असंही त्याने स्पष्ट सांगितलं. हंसाने 'बघू' म्हटलं. तिचं 'बघू' दामूने तेरा वर्षं ऐकलं होतं, त्याचा अर्थ नाही असा असायचा.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने ट्रंक उघडली, पुस्तकातून कागद काढले आणि मासळी निवडत बसलेल्या हंसापुढे धरले.

"हे घे," तो म्हणाला. "मी आनलंय. आता तू विक."

हंसाने हात धुतले, पदराला पुसले आणि मगच कागद घेतले. त्या संध्याकाळी तिने बोंबलाच्या कालवणात दामूला आवडते तशी कैरी जास्त घातली, आणि दामू काय ते समजला.

बोईसर स्टेशनसमोर रामनाथ नावाचा एक इसम झेरॉक्स काढायचा, विम्याचे हप्ते भरायचा आणि शेअरही घ्यायचा-विकायचा. हंसा पाटी बाजूला ठेवून त्याच्या काउंटरसमोर उभी राहिली. रामनाथने पेपर उघडला, चौऱ्याऐंशीचा भाव आहे, मी एक्क्याऐंशी देईन म्हणाला. हंसाने विचारलं, हा भाव कधीचा? कालचा, रामनाथ म्हणाला. पेपरात कालचाच येतो.

"कालचा भाव म्हंजे कालची मासली," हंसा म्हणाली. "आजचा सांगा."

रामनाथला पदरच्या पैशाने मुंबईला एसटीडी लावावी लागली. आजचा शहाऐंशी निघाला. हंसाने मान हलवली, कागद पिशवीत घातले, पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. तिसऱ्या दिवशी ती पालघरला गेली, तिथल्या दलालालाही फोन करायला लावला. मग पुन्हा बोईसर. असे तीन आठवडे चालले. रामनाथ तिला लांबून बघूनच फोनकडे हात न्यायला लागला. इकडे दामूचा जीव टांगणीला. भाव पडला तर? सातपाटीवाल्याने पैसे दिले तर? तो रोज कंपनीतून निघताना कॅन्टीनमध्ये पेपर बघायचा आणि रोज घरी येऊन म्हणायचा, देऊन टाक आता. हंसा म्हणायची की पाणी अजून चढतंय, तुम्ही जेवून घ्या.

नव्वदला तिने दिले. सगळं कमिशन जाऊन हातात नव्वद, म्हणजे बरोबर अठरा हजार. रामनाथने एक छापील इंग्रजी कागद दिला, त्यावर पेन्सिलीने एक फुली मारली आणि सांगितलं की जो विकतोय त्याची सही इथे आणा, साक्षीदाराचं मी बघतो. पैसे मात्र कंपनीने कागद पास केल्यावर, महिना-दीड महिन्याने.

हंसाने तो कागद घरी आणला. पाटावर बसली, खाली पुस्तक घेतलं, आणि फुलीपाशी सही केली. मच्छीमार सोसायटीत बायकांना सही शिकवली होती तेव्हापासूनची तिची सही, प्रत्येक अक्षर सुटं, वरची रेघ मात्र एकसंध, शेवटपर्यंत ओढलेली. दामू शेजारीच बसून बघत होता. हे चुकतंय असं त्याच्या मनातही आलं नाही. शेअर दामूचे होते हे खरं, पण कागदावर विकणाऱ्याची सही मागितली होती आणि विकले होते हंसाने. भाव तिने बांधला, पायपीट तिने केली. दुसऱ्या कुणाची सही तिथे कशी चालेल? उलट त्याला सही बघून अभिमानच वाटला. रामनाथ घाईत होता, आडनाव तामोरे दिसलं, त्याने कागद पाकिटात घालून मुंबईला धाडून दिला.

मे संपता संपता तो कागद परत आला. कंपनीने इंग्रजीत शेरा मारला होता की विकणाऱ्याची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. रामनाथने निरोप पाठवून दोघांना बोलावलं. दामूला त्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. दुकानात दोघं उभे राहिले आणि रामनाथने सहीवर बोट ठेवून विचारलं, ही कुणाची?

"माजी," हंसा म्हणाली. "मी विकले ना."

रामनाथने डोक्याला हात लावला. शेअर ज्याच्या नावावर, विकणारा तो, सही त्याची, असं त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दामू म्हणाला की आमच्यात विकणारी हीच असते. यावर रामनाथ म्हणाला की ते तुमच्यात, कंपनीला काय माहीत. आणि मग त्याने खरी वाईट बातमी सांगितली. दरम्यान भाव उतरला होता. आज त्रेसष्ट. नवा कागद करून द्या, त्रेसष्टने विकून देतो.

दामूने मनातल्या मनात गुणाकार केला. बारा हजार सहाशे. होडीचा वाटा गेला. नारळी पौर्णिमेला सातपाटीवाला एकनाथच्या होडीवर बसणार आणि हंसा पुन्हा मागे उभी राहणार. आणि हे सगळं का, तर आपण शेजारी बसून सही बघत राहिलो, अभिमानाने. आपल्याच घरात पुन्हा एकदा दामूचा भाव.

हंसा मात्र हलली नाही. तिने पाटी काउंटरवर ठेवली. रिकामी होती, पण वास होता, आणि झेरॉक्ससाठी आलेलं एक गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

"आमच्या किनाऱ्यावर येपाऱ्यानं पाटीला हात लावला की भाव बांधला," ती सावकाश म्हणाली. "मंग दुपारी मासली सस्ती झाली म्हनून तो परत येत नाय, आनि महाग झाली म्हनून मी मागायला जात नाय. तुमी एप्रिलात माज्या पाटीला हात लावला होता. सही चुकली असंल तर सही बदलू. भाव कसा बदलंल?"

रामनाथ म्हणाला, शेअर बाजाराचे नियम वेगळे असतात. हंसा म्हणाली, मग विचारा. फोन तुमच्याकडेच आहे. रामनाथने फोन लावला, बराच वेळ हं हं केलं, आणि फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरलेला होता. मुंबईचा दलाल म्हणाला होता की मुदतीत सही दुरुस्त करून कागद परत पोचला, तर सौदा जुन्याच भावाने. मुदत चुकली तर मात्र काही खरं नाही. कागद यायला वेळ गेला होता, आता चार दिवस उरले होते आणि त्यातला एक रविवार. शिवाय दामूची सही खरी आहे असं त्याच्या बँकेच्या मॅनेजरने लिहून शिक्का मारून द्यायला हवं.

नियम किनाऱ्यासारखाच निघाला म्हणून हंसाला आनंद व्हायला हवा होता. पण परतताना रिक्षात ती परत आलेला कागद उलगडून बसली. पास्थळच्या नाक्यापर्यंत तिची नजर त्या सहीवरच होती.

"माजी सही खोटी नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"खोटी कशी? त्यांच्या कागदात तुला जागा नाय, येवढंच."

हे बोलल्यावर दामूलाच ते फार वाईट वाटलं. तिने कागद घडी करून पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली. दामूने पाळी बदलून घेतली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण कानामागचा पिवळा रंग काही निघाला नव्हता. दारातच तो थांबला. आपल्या हाताला यश नाही, आपण सही केली की अठरा हजारांचे नऊ होतील, असं काहीतरी तो पुटपुटायला लागला. हंसाने त्याची कॉलर नीट केली.

"भाव मी बांधलाय," ती म्हणाली. "तुमी नुसती सही करा. तोंड उघडू नका."

मॅनेजर भला माणूस होता. त्याने कागद पाहिला, बँकेतलं सहीचं कार्ड मागवलं आणि विचारलं, हे शेअर तुम्हीच विकताय ना? दामूने हंसाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. मॅनेजरने जरा मोठ्याने पुन्हा विचारलं. दामू गप्प. या माणसाला जबरदस्तीने तर आणलं नाही ना, अशी शंका मॅनेजरच्या चेहऱ्यावर दिसायला लागली. तेव्हा हंसाने दामूला कोपराने ढोसलं.

"हो म्हना," ती म्हणाली. "आता म्हना."

"हो," दामू म्हणाला. आणि त्याने सही केली. सही कार्डाशी जुळली. मॅनेजरने शिक्का मारला आणि खालच्या एका रेघेवर बोट ठेवलं. साक्षीदार कोण? रामनाथच्या माणसाला बोलवायला वेळ नव्हता. बाईंना करता येत असेल तर बाईंनी करावी, मॅनेजर म्हणाला.

हंसाने पेन घेतलं. तीच सुटी अक्षरं, तीच एकसंध रेघ, शेवटपर्यंत ओढलेली. फक्त जागा खालची. तीन आठवडे ऊन डोक्यावर घेऊन जिने भाव चढवला, ती आता कागदावर नुसती बघणारी होती. सही झाल्यावर तिने टोपण लावून पेन परत दिलं, आणि दामूला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तेरा वर्षं ती मागे उभी राहिली ती किनाऱ्यावर. आज आपण तिला कागदावरसुद्धा मागे उभं केलं, असं त्याला वाटलं.

कागद मुदतीत पोचला. जुलैत चेक आला, दामूच्या नावाचा, अठरा हजारांचा. दामूने तो बँकेत भरला, पैसे काढले आणि सगळे हंसाच्या हातात दिले. तिने मोजले नाहीत.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एकनाथच्या ओट्यावर वाट्यांचा कागद लिहायला सगळे जमले. होडी समोरच उभी होती, नवा निळा रंग, पुढच्या टोकाला, नाळेवर हार. गावातली असली कागदपत्रं जानू लिहायचा, तो चष्मा लावून, स्टॅम्प पेपर मांडीवरच्या फळीवर घेऊन बसला होता. तीन वाटे लिहून झाले. चौथ्याला जानूने विचारलं नाही, नुसतं लिहायला लागला, दामू ता...

"थांब," दामू म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. सौद्याच्या जागी दामू बोलतो आहे हे चौदा वर्षांनी प्रथमच घडत होतं, आणि मागचा अनुभव काही चांगला नव्हता. एकनाथ तर स्पष्टच घाबरला.

"नाव हंसाचं घाल," दामू म्हणाला. "हंसा दामू तामोरे. वाटा तिचा."

एकनाथने हळूच सुचवलं की भावोजी, चेक तर तुमच्या नावाचा आला होता. दामू म्हणाला की मी नुसते कागद आणले होते, त्याचे पैसे तिने केले. त्रेसष्टचे नव्वद कुणी केले, मी? हा हिशेब सगळ्या गावाला पाठ होता. गोदूबाई कुडाशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

जानूने आधीचं नाव खोडून त्यावर आडवी सही केली आणि नवं नाव लिहिलं. हंसा पुढे आली. पुढे येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे तिला रेघ नीट दिसेना. तिने डोळे पुसले, दोन्ही बाजूंनी, आणि मग सही केली, घाई न करता, वरची रेघ शेवटपर्यंत.

"साक्षीदार?" जानूने विचारलं.

"मी," दामू म्हणाला आणि खाली, तिच्या नावाच्या खाली, गुडघे मोडून बसला. त्याने पेन घेतलं.

"सावकाश करा," हंसा म्हणाली. "परत आली तर मी येनार नाय बँकेत."

दामूने सावकाश केली. हंसाने कागद उचलला, होडीच्या बाजूच्या उजेडात धरला आणि त्याची सही अक्षर अक्षर तपासली. जानू पेन घेऊन वाट बघत होता, एकनाथ वाट बघत होता, सगळा ओटा वाट बघत होता.

"जुलते," ती म्हणाली, आणि कागद जानूकडे दिला.